अलीशाचे बैल

मे महिन्यात नागपूरच्या नंदनवनात रात्री आठपर्यंत गच्चीवर पाय ठेवता येत नाही. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब सावकाश बाहेर टाकत बसतो. चार बादल्या पाणी मारून मी जिन्याच्या वरच्या पायरीवर वाफ निवायची वाट पाहत होतो, तेवढ्यात खाली फाटक वाजलं. भाचीनं ॲक्टिव्हा आत घेतली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि वर न पाहताच विचारलं, "मामा, आईचा फोन येऊन गेला ना?"

येऊन गेला होता, तीनदा. पोरगी मिहानमधली नोकरी सोडून पुण्याला सेमिनरीत जायचं म्हणते, देवानं पाचारण केलंय म्हणते, तू तरी समजाव. बहीण रडत असती तर सोपं होतं. ती आकडे सांगत होती. घराचा हप्ता, गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स. भावजी गेल्यापासून तिचं दुःख नेहमी आकड्यांतच बाहेर येतं.

पाचारण हा शब्द बाहेर फक्त वर्तमानपत्रात उरलाय. तिथे अग्निशमन दलाला पाचारण करतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र तो रोजच्या बोलण्यातला आहे, आणि कुणी उच्चारला की घरात थोडी धावपळ होतेच.

"बोल," मी म्हटलं. "कुठे वाचलंस?"

"काहून? वाचलंच असेल असं कशावरून?"

"आपल्याकडे लोक आधी ठरवतात, मग वचन शोधतात. कुठलं सापडलं?"

तिनं यहोशवाचा पहिला अध्याय सांगितला. मोशे मेलेला, नदी समोर, आणि देव त्या नव्या पुढाऱ्याला पुन्हा पुन्हा धीर देतोय.

"बाप्पा! तो अध्याय तर मंडळीतल्या प्रत्येक दहावीच्या पोराच्या कंपासपेटीत चिकटवलेला असतो. त्यानं गणित सुटत नाही." मी जरा जास्तच कडवट बोललो असेन. पण बावीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढल्यावर एक सवय लागते. जो माणूस फार आत्मविश्वासानं आत येतो, त्याचे कागद दोनदा तपासायचे. "आणि हे बघ, वचन तोंडपाठ असणं हा काही पुरावा नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही शास्त्रातलंच बोलतो. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं लिहिलंय म्हणतो. आणि बोलतो ते कुठलं? एक्क्याण्णवावं स्तोत्र. जे तुझ्या आईनं फ्रेम करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय, तेच."

"म्हणजे मला सैतान बोलावून राहिला?"

"नाही. मी म्हणतो, ओळ सापडली म्हणजे कर्ज मंजूर झालं असं नसतं."

ती हसली नाही. आत गेली आणि माझ्या आईचं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन आली. ते माझ्याकडेच असतं, खाकी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले. माझी आई ते स्वयंपाकघरात वाचायची, फोडणी तडतडेपर्यंत चार ओळी, कणीक मुरेपर्यंत आणखी चार. त्यामुळे स्तोत्रांच्या आणि लूकच्या पानांवर तिच्या हळदीच्या अंगठ्याचे पिवळे ठसे आहेत. भाचीनं उघडलेलं 'शास्ते' हे पुस्तक मात्र करकरीत कोरं होतं. मारामारीच्या वाटेला माझी आई गेली नसावी.

"यहोशवा सोडून द्या मग," ती म्हणाली. "गिदोन घ्या. देवदूत आला तेव्हा तो काय करून राहिला होता? द्राक्षकुंडात गहू झोडपत होता. गहू झोडपायचा उघड्यावर, वाऱ्यावर. हा खड्ड्यात उतरून झोडपतो, कारण मिद्यानी बघतील. आणि त्या लपलेल्या माणसाला देवदूत पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो. मला आधी वाटलं चेष्टाच आहे. पुढे तो लोकर ठेवतो. एकदा लोकर ओली, जमीन कोरडी. दुसऱ्यांदा उलटं."

"दोनदा तारण मागितलं त्यानं देवाकडे. माझ्या जातीचा माणूस आहे."

"आणि देव रागावत नाही, मामा. लढाईच्या आदल्या रात्री पण त्याला म्हणतो, एकट्याला भीती वाटत असेल तर नोकराला बरोबर घे आणि शत्रूच्या छावणीत चोरून ऐकून ये. तो नोकराला घेऊन जातो! म्हणजे तेव्हाही घाबरलेलाच होता. मला यहोशवानं धीर नाही दिला. तो मोठ्यांचा धीर आहे. मला या गहू लपवणाऱ्यानं दिला."

हे उत्तर मला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच मी ते लगेच धरलं. "मग पुढचं पण वाच ना. गिदोनाकडे माणसं किती जमली? बत्तीस हजार. घाबरलेल्यांनी घरी जावं असं सांगितल्यावर गेले किती? बावीस हजार. त्यांना कुणी भेकड म्हटलं? शाप दिला? नाही. गेले, आपापल्या घरी जेवले. 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तर नियमच आहे. नवं घर बांधलंय आणि राहायला गेला नाही, त्यानं परत जावं. द्राक्षमळा लावलाय आणि फळ चाखलं नाही, त्यानं परत जावं. मागणी झाली, लग्न राहिलं, त्यानं परत जावं. आणि शेवटी, ज्याच्या छातीत धडधड होते त्यानंही. लढायची हिंमत ज्या पुस्तकात आहे, घरी जायची परवानगीही त्याच पुस्तकात आहे, बेटा. तू शेवटी लढलेल्या तीनशेंतलीच आहेस हे कशावरून? बावीस हजारांतली नाहीस कशावरून?"

बराच वेळ ती बोलली नाही. गच्चीवरून वाफेचा, ओल्या सिमेंटचा वास येत होता. तिकडे जगनाडे चौकाच्या बाजूला कुणाची तरी वरात निघाली असावी, ढोलताशा ऐकू येत होता.

"माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "तेच विचारायला आली."

आम्ही गच्चीवर चटई टाकली. मी विषय बदलायचा म्हणून नव्हे, पण सरळ रस्त्यानं जमेना म्हणून वळसा घेतला. मी हिस्लॉप कॉलेजचा. ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आले, शाळा काढली, आणि उरलेला वेळ या भागातले दगड, जीवाश्म गोळा करण्यात घालवला. भूगर्भशास्त्रात त्यांचं नाव आहे. १८६३ साली टाकळघाटजवळ रात्री घोड्यावरून ओढा ओलांडताना बुडून गेले. सांगायचा मुद्दा हा, की पाचारण आलेला माणूसही दुसरं काही करत असतो. पौल तर तंबू शिवायचा. "नोकरी ठेव, रविवारी शाळा घे, आजाऱ्यांकडे जा. कोण अडवतं?"

"पौलानं तंबू शिवले, पण रात्री अकराला अमेरिकेचे कॉल नाही घेतले." आता ती हसली. "दिवसभर कॉलच घेते मी, मामा. फक्त ज्याचा घ्यायचा त्याचाच राहून जातो."

बाईनं पाळक होण्यावर माझा आक्षेप नव्हता, हे इथे सांगून टाकतो. आमच्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि त्या गर्दीत माझ्या हातून वडिलांचं बोट सुटलं होतं. सेमिनरीवरही आक्षेप नव्हता. ती आधी आमच्या यवतमाळलाच होती, १९८३ साली पुण्याला गेली. आक्षेप होता दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या माझ्या बहिणीचा.

"मार्कच्या सातव्यात," मी म्हटलं, "येशू कुणावर चिडलाय आठव. 'कुर्बान'वाल्यांवर. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून सांगायचं आणि हात वर करायचे. देवाच्या नावानं आईला टाळणं, याची त्याला चीड आहे."

"आणि लूकच्या नवव्यात एक जण म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो, तर येशू त्याला नांगराला हात लावून मागं बघणारा म्हणतो. ते?"

"ते आहे. पण नांगराची मूळ गोष्ट कुठली? अलीशाची. बारा जोड्या नांगर चालू, एलीया येतो, अंगावर झगा टाकतो. अलीशा म्हणतो, आईबापाचं चुंबन घेऊन येतो. एलीया म्हणतो, जा. कुठे अडवतो?"

"मामा, तुम्ही पण तेच करून राहिले. आधी ठरवलं, मग वचन शोधलं."

हे खरं होतं. मी गप्प राहिलो. तिनंच पुढे सांगितलं, आणि ते मला साठ वर्षं शास्त्रपाठ ऐकून कधी दिसलं नव्हतं. याकोब आणि योहान होडी सोडून येशूमागे जातात, बाप जब्दी होडीत राहतो. मत्तयात एवढंच आहे. मार्क एक तपशील जास्त देतो. बाप होडीत मजुरांबरोबर राहिला. "मजूर होते, मामा. म्हातारा एकटा नव्हता. मार्कला ते सांगावंसं वाटलं. मी महिनाभर त्याच एका शब्दावर अडकून बसली. माझ्या आईजवळ मजूर कोण?"

वीज गेली. सगळ्या वस्तीचे कूलर एकदम थांबले की जी शांतता पडते ती पडली, आणि त्या शांततेत इतवारीकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड करत जाणारी ती लाइन. माझ्या मनात त्या लाइनवर नेहमी एकच प्रवासी बसलेला असतो.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम केलेला, विद्वान, कवी आणि तोवर कुठेच न टिकलेला माणूस. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते काही रुचलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत जवळजवळ तारखेवर आलं.

"हीच तर माझी गोष्ट," भाची म्हणाली. "एका पुस्तकानं माणूस हलतो."

"थांब. त्याच गाडीत न बसलेल्या बाईचं काय? लक्ष्मीबाईंना कुणी पुस्तक दिलं होतं? त्यांना कुणी विचारलं होतं? पाचारण नवऱ्याला आलं. घर मोडलं बायकोचं. सोवळ्यात वाढलेली बाई, लहान पोर पदरी, नातेवाइकांच्या दारी दिवस काढले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची? टिळकांच्या हिमतीची किंमत त्यांनी भरली. म्हणून मला या हिमतीच्या गोष्टींची धास्ती वाटते. हिंमत एकाची असते, आणि हप्ते दुसऱ्याच्या खात्यातून जातात."

"पण हे आपल्याला कळलं कुणामुळे? त्यांनीच सांगितलं ना. 'स्मृतिचित्रे'त. आणि रडत नाही सांगितलं, नवऱ्याची टिंगल करत सांगितलं. शिवाशिव त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून नाही सोडली, स्वतः विचार करून सोडली. 'ख्रिस्तायन' टिळक अकराव्या अध्यायात अर्धवट टाकून १९१९ ला गेले. पुढचे ६४ अध्याय कुणी लिहिले?"

"बरोबर. म्हणजे अपुरं टाकायचं बुवांनी आणि पुरं करायचं बायकांनी."

मला वाटलं ती चिडेल. पण ती शास्त्राच्या कव्हरचा कोपरा अंगठ्यानं मुडपत बसली. "तीच भीती आहे मला," ती म्हणाली. "या वेळी टिळक मी आहे, मामा. आणि लक्ष्मीबाई आई. अपुरं मी टाकीन, आणि पुरं तिला करावं लागेल. अर्ज भरून दोन महिने झाले. पाठवला नाही, तो याच्यासाठी. तुम्हाला वाटलं मी एक ओळ वाचून उठली."

तसंच वाटलं होतं. इथे मला माझी चूक दिसली, आणि ती कागद न तपासण्याची होती. माझ्या पाहण्यात दोन प्रकारचे शास्त्र वाचणारे आहेत, ओळी वाचणारे आणि अध्याय वाचणारे. ओळ वाचणाऱ्याला हिंमत फार लवकर येते. ती ओळ मागचं-पुढचं कापूनच आलेली असते. अध्याय वाचणाऱ्याची आधी पंचाईत होते. पानभर पुढे गेलं की तेच पुस्तक त्याला उलटं विचारतं. हिला ते विचारून झालं होतं.

तरी मी शेवटचा कागद मागितलाच. "यिर्मया माहीत आहे ना? पहिल्या अध्यायात मी पोर आहे, मला बोलता येत नाही म्हणतो, आणि देव त्याला उभं करतो. लोक तिथेच थांबतात. विसाव्यात तोच यिर्मया देवानं आपल्याला फसवलं म्हणतो, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. पाचारणाची हिंमत पहिल्या अध्यायातून घेशील; विसावा आला की काय करशील?"

"विसाव्यामुळेच तर विश्वास बसला. फसवायचं असतं तर तो अध्याय ठेवला नसता. कंपनीत जॉइन करताना कुणी विसावा अध्याय दाखवला होता मला?"

मग मी दुसऱ्या बाजूनं घाईचा मुद्दा काढला. या शहरात धर्माच्या निर्णयाला किती वेळ द्यावा याचं माप आहे. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्म सोडणार असं सांगितलं, दीक्षा इथे १४ ऑक्टोबर १९५६ ला घेतली. एकवीस वर्षं. मधल्या काळात वाचत होते, तपासत होते. कुणाची छाती आहे त्यांना भित्रं म्हणायची?

"फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मामा."

यावर दोघांनाही हसू फुटलं. वीज आली. खालून मामीनं सांबारवडी गरम केल्याचं सांगितलं. भाचीनं शास्त्र मिटायला घेतलं आणि लूकच्या चौदाव्यावर थांबली. मनोरा बांधणाऱ्या माणसानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून राहील आणि लोक हसतील, ही गोष्ट. पानावर हळदीचा ठसा होता. त्यावरून काही अर्थ काढू नये. लूकच्या सगळ्याच पानांवर हळद आहे. पण मी खाली जाऊन जुनी डायरी आणि पेन घेऊन आलो.

कर्जाच्या अर्जाला मी लिहायचो तसंच लिहायला बसलो. घराचा हप्ता. बहिणीच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या. सेमिनरीची फी, मेस. भाचीच्या खात्यात शिल्लक किती, पीएफ किती निघेल. पाळकाला पुढे पगार काय मिळतो तेही लिहिलं आणि दोघांनी त्या आकड्याकडे जरा वेळ पाहिलं. टिळकांनी तर १९१७ साली मिशनचा पगारही सोडला होता, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ते मनावर घेऊ नकोस. डावीकडच्या रकान्यात तिनं एक शब्द लिहिला, मजूर, आणि पुढची जागा मोकळी ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पेन घेतलं नाही. हप्ता तीन वर्षांनी संपतो की चार, यावर आमचा बारीकसा वाद झाला.

"ॲक्टिव्हा विकली तर?" ती म्हणाली.

"पुण्यात लागेल."

"होस्टेलमध्ये कशाला? आणि अलीशानं आईबापाचा निरोप घेतला ते तुम्ही सांगितलं, पण पुढचं सोडून दिलं. त्यानं बैलांची जोडी कापली, नांगराच्या लाकडावर शिजवली, लोकांना जेवू घातलं आणि मग गेला. परत यायला बैलच ठेवले नाहीत."

"म्हणजे ॲक्टिव्हा म्हणजे तुझे बैल?"

"हो."

मी चष्मा काढून पुसला. खाली फाटकाजवळ गाडी उभी होती. पुढचं मडगार्ड चिरलेलं, सीटला एका बाजूनं टेप.

"मग कापायच्या आधी एकदा सर्व्हिसिंग करून घे," मी म्हटलं. "अशी दिली तर भाव येणार नाही."